तुटका केस आणि रिलॅक्सरचा डबा

रिलॅक्सर, म्हणजे केस कायमचे सरळ करणारं रसायन, लावणं बंद करून सात-आठ महिने झालेल्या बाईचा एक केस उजेडात धरून पाहिला, तर त्या एकाच केसात दोन तऱ्हा दिसतात. मुळाकडचा पाच-सहा सेंटिमीटरचा भाग घट्ट वळलेला, जाडसर, हाताला थोडा खरखरीत. त्याच्यापुढचा सगळा भाग सरळ, पातळ आणि निस्तेज. वळण संपून सरळ भाग सुरू होतो त्या जागी हलकासा ताण दिला की केस नेमका तिथेच तुटतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांना ही जागा पुरेपूर ओळखीची आहे. कंगव्यात, बेसिनमध्ये, उशीवर तिथून तुटलेले तुकडे रोज दिसत राहतात, आणि मग एक विचार डोकं वर काढतो: एवढा जाच सोसण्यापेक्षा पुन्हा रिलॅक्सर लावून मोकळं का होऊ नये?

हाच विचार दुसऱ्या वाटेनेही येतो. एखादीने आयुष्यात रिलॅक्सर लावलेला नसतो, पण इस्त्रीचा चिमटा, रंग आणि आवळून घातलेल्या वेण्या यांनी केसांची पार वाट लागलेली असते. केस धुवायचा दिवस म्हटला की अर्धा दिवस गुंता सोडवण्यात जातो. तिलाही वाटतं, सरळ केले की सुटलो. दोघींच्या मनात एक समजूत समान आहे, ती म्हणजे रिलॅक्सर हा खराब केसांवरचा इलाज आहे. ही समजूत मुळातून चुकीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. केस सरळ करावेत की नाही, हे ज्या त्या बाईने ठरवावं. पण ते केस धड असताना ठरवायचं असतं. तुटत्या केसांवर काढलेला तोडगा म्हणून रिलॅक्सर लावला, तर उरलेले केसही हातचे जातात.

का, ते समजण्यासाठी आधी केसाकडे बघायला हवं. डोक्यावर दिसणारा केस जिवंत नसतो. जिवंत भाग त्वचेखाली, मुळाशी असतो. बाहेर आलेल्या केसात रक्त नाही, मज्जातंतू नाहीत, पेशी वाढत नाहीत. कापलेलं बोट भरून येतं, कारण तिथे नव्या पेशी तयार होतात. केसाला ती सोय नाही. बाटलीवर कितीही मोठ्या अक्षरांत ‘रिपेअर’ छापलेलं असो, आतला पदार्थ करतो ती तात्पुरती डागडुजी, आणि ती दोन-चार धुण्यांत निघून जाते.

केसाचं बाहेरचं आवरण म्हणजे क्युटिकल. त्याचे चपटे, पारदर्शक खवले मंगलोरी कौलांप्रमाणे एकावर एक चढलेले असतात, मुळाकडून टोकाकडे उतरते. माणसाच्या केसात मुळाजवळ अशा खवल्यांचे सहा ते दहा थर असतात. त्यांच्यावर मेदाचा अतिशय पातळ थर घट्ट चिकटलेला असतो. केसाची चमक, बोटांखालून सरकण्याचा गुळगुळीतपणा आणि पाणी थोडंफार बाहेर ठेवण्याची ताकद या थरामुळे येते. ब्लीच आणि तीव्र अल्कली तो थर काढून टाकतात, आणि तो पुन्हा येत नाही. आतमध्ये कॉर्टेक्स, म्हणजे केराटिन या प्रथिनाच्या तंतूंचा गाभा. केसाची मजबुती या गाभ्यात असते, आणि तंतूंना एकत्र धरून ठेवतात ते रासायनिक बंध.

या बंधांपैकी दोन प्रकार इथे महत्त्वाचे. हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात. ओले केस ताणून ड्रायरने वाळवले की सरळ राहतात आणि नुसत्या दमट हवेनेही पुन्हा वळतात, ते यामुळेच. डायसल्फाइड बंध मात्र पाण्याला दाद देत नाहीत. सिस्टीन या अमिनो आम्लातले गंधकाचे दोन अणू शेजारशेजारच्या तंतूंना जखडून ठेवतात. केस जळल्यावर येणारा तो उग्र वास या गंधकाचा. वळणाचा आकार पक्का राहतो तो या बंधांच्या जोरावर, आणि रिलॅक्सर घाव घालतो तो यांच्यावरच.

आफ्रिकी वंशाच्या माणसांचे केस वेगळ्याच पदार्थाचे असतात, ही जुनी समजूत खोटी आहे. 2003 साली लॉरिअलच्या संशोधकांनी आफ्रिकी, आशियाई आणि युरोपीय केसांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा केराटिनच्या अंतर्रचनेत त्यांना फरक आढळला नाही. फरक आकाराचा आहे. केसाचं मूळ त्वचेखालीच वाकलेलं असतं, आडवा छेद गोल नसून चपटा असतो, आणि केस बाहेर पडतानाच वळत वळत येतो. प्रत्येक वळणावर केस पिळलेला असल्याने तिथे ताण साठतो, कंगवा तिथेच अडकतो, आणि तुटतो तोही तिथेच. डोक्याच्या त्वचेतून सुटणारं तेल सरळ केसावरून आपोआप खाली उतरतं. इतक्या वळणांवरून ते टोकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडा, अशी या केसाची स्थिती असते. शिवाय वाढीचा वेग कमी. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकी केस दिवसाला सरासरी 256 मायक्रोमीटर वाढताना दिसले, तर युरोपीय केस 396. महिन्याचा हिशेब केला तर सुमारे पाऊण सेंटिमीटर विरुद्ध सुमारे 1.2 सेंटिमीटर.

‘माझे केस वाढतच नाहीत’ ही तक्रार या सगळ्यातून जन्माला येते. केस वाढतात, पण मुळाशी पाऊण सेंटिमीटर वाढून टोकाला तेवढाच तुटत असेल, तर लांबी जागच्या जागी राहते. इथे एक साधी तपासणी प्रत्येकीने करावी. कंगव्यात आलेल्या केसाचं टोक बघा. त्याला पांढरट, बारीक गाठ असेल, तर तो मुळापासून गळलेला केस. रोज असे काही केस गळणं स्वाभाविक आहे. गाठ नसलेले आखूड तुकडे असतील, तर केस मधूनच तुटताहेत. तुटणं सांभाळण्याने कमी होतं. गळणं वाढलं असेल, आणि विशेषतः डोक्याच्या मध्यावरचा भाग विरळ होत चालला असेल, तर तेलं आणि मास्क बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला हवं. मध्यापासून सुरू होऊन कडेकडे पसरणारं, व्रण सोडणारं एक प्रकारचं टक्कल प्रामुख्याने कृष्णवर्णीय बायकांमध्ये आढळतं. त्यात केसाचं मूळच नष्ट होतं. मूळ गेल्यावर तिथे केस परत येत नाही, म्हणून या बाबतीत उशीर महागात पडतो.

केस खराब होतात ते उष्णतेने, ओढीने आणि रसायनांनी. चपट्या इस्त्रीचं तापमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत नेता येतं, आणि त्या उष्णतेत केराटिनची घडणच मोडते. केस ओलसर असतील तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या गाभ्यात बुडबुडे तयार होतात; सूक्ष्मदर्शकाखाली असा केस पोकळ झालेला दिसतो. ज्या बटांना वारंवार चटका बसला, त्या पुढे धुतल्या तरी वळत नाहीत. ओढीचा परिणाम कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेला दिसतो. केपटाऊनच्या त्वचारोगतज्ज्ञ नॉनहलानहला खुमालो यांनी दक्षिण आफ्रिकेत केलेल्या पाहणीत, केस ओढले गेल्यामुळे पडणारं टक्कल 31.7 टक्के बायकांमध्ये आढळलं. तपासलेल्या बायकांपैकी जवळपास एक तृतीयांश! रिलॅक्सर लावलेल्या केसांवर आवळून वेण्या किंवा जोडकेस लावले की हा धोका सर्वांत जास्त असतो, हेही त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. हे जोडकेस बऱ्याच वेळा भारतातून गेलेले असतात. तिरुपतीला भाविकांनी उतरवलेले केस लिलावात विकले जातात आणि पुढे अमेरिकेच्या बाजारात पोहोचतात. ख्रिस रॉकच्या 2009 सालच्या ‘गुड हेअर’ या माहितीपटात या प्रवासाचा माग काढला आहे.

मग खराब झालेल्या केसांचं करायचं काय? पहिलं उत्तर कोणालाच आवडत नाही: कात्री. टोकाला फाटा फुटलेला केस जोडला जात नाही, उलट फाटा वर वर चढत जातो. काही जणी एकदाच धीर करून सगळा खराब भाग कापून टाकतात, याला तिकडे ‘बिग चॉप’ म्हणतात. इतकं आखूड डोकं घेऊन कामावर जाणं ज्यांच्या जिवावर येतं, त्या दर दोन-तीन महिन्यांनी थोडं थोडं कापत वर्ष-दीड वर्ष काढतात. दुसरा मार्ग अवघड आहे, कारण त्या सगळ्या काळात दोन तऱ्हांच्या सांध्यावर केस तुटत राहणार. पण तो पत्करणाऱ्या बाईला घाबरट म्हणणं मला पटत नाही. केस कापल्यावर आरशात दिसणाऱ्या आपल्याच चेहऱ्याची ओळख पटायला वेळ लागतो.

कापून उरलेल्या केसांसाठी जे उपयोगी पडतं ते फार महाग नाही. कंडिशनरमधले धनभारित रेणू केसाच्या खराब, ऋणभारित जागांवर जाऊन चिकटतात, घर्षण कमी होतं आणि कंगवा सरकतो. प्रथिनांचे तोडून बारीक केलेले रेणू क्युटिकलच्या फटींत जाऊन बसतात, त्याने मऊ पडलेल्या केसाला काही दिवस बळ येतं; मात्र त्यांचा अतिरेक केला तर केस कडक होऊन उलट तुटतो. गुंता सोडवायचा तो केस ओले असताना, भरपूर कंडिशनर लावून, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे चढत. घाईघाईत वरून खाली कंगवा ओढला तर सगळा गुंता एका ठिकाणी जमतो आणि केस तटातट तुटतात. रात्री सॅटिनचं फडकं बांधलं की सुती उशीचं घर्षण वाचतं. आणि निदान काही महिने इस्त्री कपाटात ठेवून द्यायची.

तेलाच्या बाबतीत मुंबईत झालेलं एक काम जगभर सांगितलं जातं. मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुण्याआधी लावलं असता प्रथिनांची झीज कमी करणारं तेल एकच निघालं, ते खोबरेल. त्यातल्या लॉरिक आम्लाची साखळी आखूड आणि सरळ असल्याने हे तेल केसाच्या आत शिरतं, त्यामुळे पाण्याने केस फुगणं कमी होतं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीनेच हे संशोधन केलं, हे लक्षात ठेवायला हवं. पण खोबरेल केसात मुरतं हे पुढे इतर प्रयोगांतही दिसलं आहे. न्हाण्याआधी डोक्याला तेल चोपडण्याची आपल्या आज्यांची रीत अटलांटा-शिकागोतल्या बायका आज नियमाने पाळतात ती या गुणामुळे.

हे सगळं करूनही, खरी सुधारणा म्हणजे मुळातून येणारा नवा केस. म्हणून खांद्यापर्यंतच्या केसांची संपूर्ण दुरुस्ती ही काही वर्षांची गोष्ट आहे. इथेच धीर सुटतो, आणि इथेच दुकानाच्या फळीवरचा रिलॅक्सरचा डबा खुणावतो.

केस सरळ करण्याची ही ओढ कुठून आली, हे न सांगता पुढे जाणं कृष्णवर्णीय बायकांवर अन्याय होईल. 1786 साली लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मान काढून वर्णाने काळ्या, पण गुलाम नसलेल्या बायकांना डोक्याला फडकं बांधायला लावलं. त्यांची केशरचना डोळ्यांत भरत होती, म्हणून हा बंदोबस्त. गुलामी संपल्यावर फर्मानं गेली, नजरा राहिल्या. नोकरी, शाळा, चर्च, लग्न, सगळीकडे सरळ केसांना मान मिळाला. मॅडम सी. जे. वॉकर या नावाने अमर झालेली सारा ब्रीडलव्ह 1867 साली लुइझियानात जन्मली, कपडे धुऊन पोट भरत होती, आणि तिच्या व्यवसायाची सुरुवात तिच्या स्वतःच्या गळणाऱ्या केसांतून झाली. तिचं गाजलेलं मलम गंधकाचं होतं, डोक्याच्या त्वचेसाठी होतं. केस सरळ करणारी बाई म्हणून आपली ओळख व्हावी, हे तिला आवडत नसे. आज लोक तिला गरम कंगव्याची जननी म्हणतात ते चूक आहे. तो कंगवा तिच्या आधीपासून होता. तिने जे केलं ते याहून मोठं आहे. हजारो कृष्णवर्णीय बायकांना तिने विक्रीचं शिक्षण देऊन स्वतःच्या पायावर उभं केलं.

रसायनाने केस सरळ करण्याचं पहिलं श्रेय सहसा क्लीव्हलंडच्या गॅरेट मॉर्गनला देतात. शिवणयंत्रं दुरुस्त करणारा हा माणूस सुई तापू नये म्हणून एक द्रव बनवत होता. हात पुसलेल्या लोकरी कापडाचे तंतू सरळ झालेले पाहून त्याने तो द्रव शेजाऱ्याच्या कुत्र्यावर आणि मग स्वतःवर वापरून पाहिला, असं सांगतात. पुढे याच मॉर्गनने 1923 साली वाहतूक नियंत्रणाच्या सिग्नलचं पेटंट घेतलं. त्यानंतरच्या काळात पुरुषांमध्ये ‘काँक’ची टूम आली. कॉस्टिक सोडा, बटाटा आणि अंडी घरीच कालवून डोक्यावर थापायची. माल्कम एक्स यांनी 1965 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आपल्या पहिल्या काँकची आग आग झालेली हकीकत लिहिली आहे, आणि गोऱ्यांसारखं दिसण्यासाठी सोसलेल्या त्या वेदनेला त्यांनी स्वतःच स्वतःची केलेली मानहानी मानलं. शिकागोच्या जॉर्ज जॉन्सन यांनी 1954 साली कंपनी काढून अशा मिश्रणाला डब्यात भरण्याजोगं, त्यामानाने सौम्य रूप दिलं, आणि पुढे बायकांसाठीचे रिलॅक्सर घराघरांत पोहोचले.

डब्यात काय असतं? पूर्वीपासून चालत आलेल्या प्रकारात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे नाल्या साफ करायला वापरतात तोच कॉस्टिक सोडा (इंग्रजीत ‘लाय’), क्रीममध्ये मिसळलेला. ‘लायविरहित’ म्हणून विकतात त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइडची क्रीम आणि ग्वानिडीन कार्बोनेटचा द्रव आयत्या वेळी मिसळून ग्वानिडीन हायड्रॉक्साइड तयार होतं. हा दुसरा प्रकार त्वचेला थोडा कमी झोंबतो, पण मागे कॅल्शियमचा थर ठेवतो आणि केस कोरडे, फिके पडतात. दोन्हींत काम करतो तो हायड्रॉक्साइडच. केस फुगतो, खवले उघडतात, आणि डायसल्फाइड बंधातला गंधकाचा एक अणू निघून जातो. उरतं ते लॅन्थिओनिन. मोकळं, सरळ धरलेलं रूप कायम होतं ते यामुळे, आणि सिस्टीनचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा या प्रक्रियेत खर्ची पडतो. हा बदल उलटा फिरवता येत नाही. तुटलेले बंध जुळवतो असा दावा करणारी महागडी औषधं अलीकडे आली आहेत. गमावलेला गंधक ती परत आणत नाहीत.

नव्याने वाढलेल्या केसांना रिलॅक्सर लावतात तेव्हा जाणती केशकर्ती काय काळजी घेते, ते पाहण्यासारखं आहे. बाईने निदान दोन दिवस आधीपासून डोकं खाजवलेलं नसावं, धुतलेलं नसावं. खरचटलेल्या त्वचेवर ही क्रीम म्हणजे आग. केसांचे चार भाग करून कपाळाच्या कडेला, कानांवर, मानेवर व्हॅसलीनचा जाड थर दिला जातो. हातमोजे घालून, क्रीम फक्त मुळाकडच्या नव्या भागावर लावली जाते. आधी सरळ झालेल्या लांबीवर संरक्षक क्रीम असते. कडेचे नाजूक केस सगळ्यांत शेवटी. मग कंगव्याच्या पाठीने केस सपाट करत घड्याळाकडे लक्ष. ठरलेली मिनिटं झाली की कोमट पाण्याने खूप वेळ धुणं, आणि नंतर अल्कली मारणारा खास शाम्पू. काही शाम्पूंत रंग बदलणारा निर्देशक असतो: केसात अल्कली शिल्लक असेल तोवर फेस गुलाबी येतो. पांढरा फेस येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचं. घरी डबा आणून करणाऱ्या बाईला आपलंच मागचं डोकं दिसत नाही. क्रीम जुन्या भागावर उतरते आणि आधीच दुबळ्या केसावर दुसऱ्यांदा हायड्रॉक्साइड बसतो. सांध्यापाशी केस तुटण्याचं एक मोठं कारण हे आहे.

खुमालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली रिलॅक्सर लावलेल्या केसातली अमिनो आम्लं मोजली. सिस्टीनचं प्रमाण इतकं उतरलं होतं, की जन्मजात ठिसूळ केसांच्या एका विकारात दिसतं त्याच्या जवळ जाणारं. धडधाकट केस ही तूट काही काळ निभावून नेतो. इस्त्रीने पोळलेला, ब्लीच केलेला, आधीच सिस्टीन गमावलेला केस कशाच्या जिवावर निभावणार? म्हणून तुटणाऱ्या केसाला रिलॅक्सर लावला की पहिले दोन आठवडे तो छान दिसतो, गुंता होत नाही, आणि मग गुच्छाने हातात येतो.

त्वचेचं वेगळंच. अल्कली 11.5 पीएचच्या वर गेली की ती त्वचा जाळणारी मानतात. केपटाऊनच्या संशोधकांनी बाजारातले रिलॅक्सर तपासले, त्यांचा मधला पीएच 12 च्या वर निघाला. लाय असो वा लायविरहित, आणि मुलांसाठी म्हणून जाहिरात केलेले डबेही त्याला अपवाद नव्हते. डब्यावर हसऱ्या चिमुरडीचं चित्र छापून आत हे विकलं जातं, याची मला चीड आहे. लहान मुलीच्या डोक्याला रिलॅक्सर लावू नये, यात दुसरी बाजूच नाही.

अलीकडे आणखी गंभीर गोष्ट पुढे आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ‘सिस्टर स्टडी’ने 35 ते 74 वयाच्या 33,497 बायकांचा जवळपास 11 वर्षं माग ठेवला, त्या काळात 378 जणींना गर्भाशयाचा कर्करोग झाला. ऑक्टोबर 2022 मध्ये निष्कर्ष आले. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत हा रोग होण्याचं प्रमाण अंदाजे 1.64 टक्के, आणि वर्षात चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांमध्ये 4.05 टक्के. या अभ्यासाने संबंध दाखवला, कारण सिद्ध केलं नाही. कोणतं उत्पादन, कोणता घटक, याची नोंद त्यात नव्हती. 4 टक्के म्हणजे शंभरातल्या शहाण्णव जणींना हा रोग होत नाही, हेही खरं. पण ज्या मलमाने त्वचा पोळते त्यातले घटक शरीरात शिरण्याची वाटही त्यानेच मोकळी होते, आणि वर्षानुवर्षं दर दोन महिन्यांनी ते लावलं जातं. या पार्श्वभूमीवर वापर कमी करणं शहाणपणाचं, असं मी माझ्या बहिणीला सांगेन. तिकडे कंपन्यांविरुद्ध हजारो दावे दाखल झाले असून ते शिकागोच्या संघराज्य न्यायालयात एकत्र चालले आहेत.

इतकं असूनही बायका रिलॅक्सर का लावतात, असं विचारणाऱ्याने एक खटला वाचावा. 2010 साली अलाबामातल्या मोबिल शहरात एका कृष्णवर्णीय तरुणीला नोकरी देऊ केली गेली, आणि जटा कापायला ती तयार नाही म्हटल्यावर काढून घेतली गेली. 2016 साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: केशरचना बदलता येते, म्हणून हा वंशभेद नव्हे! मिशेल ओबामा यांनीही 2022 साली सांगितलं, की व्हाइट हाउसमध्ये असताना त्यांनी वेण्या घालण्याचा विचार केला होता आणि सोडून दिला. कृष्णवर्णीय कुटुंबाची सवय व्हायलाच देशाला वेळ लागत होता. 2019 साली कॅलिफोर्नियाने ‘क्राउन ॲक्ट’ करून केसांच्या पोतावरून आणि वेण्या-जटांवरून भेदभाव करायला बंदी केली, नंतर वीसहून अधिक राज्यांनी असे कायदे केले. संपूर्ण देशासाठीचं विधेयक 2022 साली प्रतिनिधिगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडलं. अशा देशात, मुलाखतीला जाण्यासाठी केस सरळ करणाऱ्या बाईला ‘तुला स्वतःची लाज वाटते’ असं सुनावणाऱ्यांशी माझं जमत नाही. नैसर्गिक केसांच्या चळवळीने लाखो बायकांना बळ दिलं. पण रिलॅक्सर लावणाऱ्या बाईला तिने कमी लेखावं, हे न्यायाचं नाही. रोज तासभर केसांशी झगडायला वेळ नसणं, हातात संधिवात असणं, किंवा सरळ केस नुसते आवडणं, ही सगळी पुरेशी कारणं आहेत.

मात्र ठरवण्याआधी केस तपासावा. ओला केस दोन्ही हातांत धरून हळू ताणा. थोडा लांबून सोडल्यावर जागेवर आला, तर तो धड आहे. ताणताच तुटला, किंवा रबरासारखा लांबतच राहिला आणि परत आला नाही, तर रिलॅक्सरचा विचार किमान सहा महिने पुढे ढकला, आणि तोवर कापत, जपत राहा. धड केसांना लावायचं ठरलं तर ते जाणत्या हातून. आधी मागची एक बट वेगळी काढून तिच्यावर करून बघावं. दोन वेळांमधलं अंतर जितकं ताणता येईल तितकं ताणावं. आणि त्याच पंधरवड्यात रंग लावू नये. आणि पूर्वी केसावर काय काय झालंय ते केस करणारीपासून लपवू नये.

हा शेवटचा मुद्दा आपल्या मुलींसाठीही आहे. पुण्या-मुंबईच्या पार्लरमध्ये रिबॉन्डिंग करतात त्यात हायड्रॉक्साइड नसून थायोग्लायकोलेट असतं. ते डायसल्फाइड बंध सोडवतं आणि पेरॉक्साइडने ते बंध नव्या जागी पुन्हा बांधले जातात. हे रसायन वेगळं, ते वेगळं, आणि एकाच केसावर दोन्ही चालत नाहीत. रिबॉन्डिंग करून शिकायला अमेरिकेत गेलेल्या मुलीने मुळाकडचे वाढलेले केस सरळ करायला कोपऱ्यावरच्या दुकानातून रिलॅक्सरचा डबा आणला आणि त्यातली क्रीम जुन्या लांबीवर उतरली, तर केस धुता धुताच तुटून मोरीत जातील. ‘केराटिन ट्रीटमेंट’चा प्रकार तिसराच; तिथे फॉर्माल्डिहाइड किंवा त्याच्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल असू शकतं. 2024 साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेल्या एका 26 वर्षांच्या तरुणीच्या मूत्रपिंडांना अशा उपचारानंतर तीन वेळा इजा झाली होती, दर वेळी सलूनमधून आल्यावर. तेव्हा खुर्चीत बसण्याआधी डब्यावरचं बारीक अक्षर वाचायला मागावं, आणि वाचू देत नसतील तर उठून यावं.